भार-चाचणी साधनांचा इतिहास : आभासी वापरकर्त्याची किंमत

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडले की भार-चाचणीचे महत्त्व तुम्हाला कळते. १९९८ मध्ये स्टेफानो माझ्झोक्की यांनी 'अपाची जेसर्व्ह'ची कार्यक्षमता तपासण्यासाठी जेमीटर लिहिले. ते जावावर चालते, ५.६ या आवृत्तीला किमान जावा ८ लागते. त्यात प्रत्येक आभासी वापरकर्त्यासाठी स्वतंत्र थ्रेड असतो. त्यामुळे वापरकर्ते वाढले की मेमरीची गरजही वाढते. पुढे आलेल्या गॅटलिंग व लोकस्ट या साधनांनी ही पद्धत बदलली. एकाच थ्रेडवर अनेक वापरकर्ते हाताळले जाऊ लागले.

म्हणून साधन निवडताना केवळ नवी वैशिष्ट्ये पाहू नका. चाचणी करणारा संगणकच अपुरा पडला, तर मोजलेला विलंब सर्व्हरचा नसून त्या संगणकाचा असू शकतो, हे लक्षात ठेवा.