नवी प्रणाली आणि जुने प्रोग्राम

विंडोज ९५ या संगणक-प्रणालीची तयारी अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीत चालू असतानाची गोष्ट. त्या कामाचे व्यवस्थापक एके दिवशी आपली मालवाहू मोटार घेऊन जवळच्या सॉफ्टवेअरच्या दुकानात गेले आणि तेथे जेवढे म्हणून प्रोग्राम विक्रीस होते, त्या प्रत्येकाची एकेक प्रत विकत घेऊन परतले. खोक्यांचा तो ढीग कंपनीच्या उपाहारगृहातील मेजांवर मांडण्यात आला. काम करणाऱ्या प्रत्येकास सांगण्यात आले की, यांतील एकदोन प्रोग्राम उचला, साध्या गिऱ्हाइकासारखे वापरा आणि जे जे बिघडेल त्याची नोंद करा. मोबदला एवढाच की, काम पुरे झाल्यावर तो प्रोग्राम त्याच्याच मालकीचा. कंपनीतील अभियंते रेमंड चेन यांनी ही हकीकत पुढे लिहून ठेवली आहे.

दुसऱ्यांनी लिहिलेले आणि दुसऱ्यांनी विकलेले प्रोग्राम नीट चालावेत म्हणून एका कंपनीने एवढा खटाटोप का करावा, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे इष्ट होईल. संगणक हा एक मोठा वाडा मानला, तर ही प्रणाली म्हणजे त्या वाड्याचा कारभारी होय. पत्र लिहिण्याचा प्रोग्राम, हिशेबाचा प्रोग्राम, खेळाचा प्रोग्राम हे सारे त्या वाड्यातील बिऱ्हाडकरू. स्मरणशक्तीतील जागा हवी असली, फाईल उघडावयाची असली, कागदावर छापावयाचे असले, तरी कारभाऱ्याकडेच मागणी करावी लागते. आता कारभारी बदलला आणि नव्याने जुने सर्व करार जसेच्या तसे पाळले, तर तक्रारीस जागा राहणार नाही, असे वाटते. परंतु बिऱ्हाडकरू केवळ कराराने राहत नसतात. मागील दाराला कुलूप नसते, विहिरीवर कोणी हटकत नाही, रिकाम्या खोलीत चार दिवस सामान ठेवले तरी चालते. अशा कोठेही न लिहिलेल्या सवयींवर त्यांचे अर्धे आयुष्य उभे असते. नवा कारभारी मागील दाराला कुलूप लावतो आणि वाड्यात ओरड सुरू होते.

तसे पाहता हा प्रश्न विंडोजपेक्षा पुष्कळ जुना आहे. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने सिस्टीम ३६० ही यंत्रांची मालिका जाहीर केली, तेव्हा तिच्या जुन्या १४०१ यंत्रासाठी लिहिलेल्या प्रोग्रामांचे काय करावे, हा पेच उभा राहिलाच होता. नव्या मालिकेतील लहान यंत्राला जुन्या यंत्राचे सोंग घेण्याची सोय देऊन तो सोडविण्यात आला. गिऱ्हाइकाने यंत्राला दिलेले पैसे एक वेळ विसरता येतात. त्या यंत्रासाठी लिहवून घेतलेल्या कामाचे मोल विसरता येत नाही, हे त्या व्यापारी कंपनीने ओळखले होते.

विंडोज ९५ च्या वेळी हेच सोंग फार बारीक पातळीवर वठवावे लागले. सिमसिटी नावाचा शहर वसविण्याचा एक लोकप्रिय खेळ होता. त्या खेळात एक चूक राहून गेली होती: वापरून परत केलेली स्मरणशक्तीतील जागा तो लगेच पुन्हा वाचीत असे. जुन्या विंडोजमध्ये ती जागा तत्काळ दुसऱ्या कोणाला मिळत नसल्यामुळे ही चूक कोणाच्या लक्षातही आली नव्हती. नव्या प्रणालीत मात्र खेळ कोसळू लागला. वास्तविक दोष खेळाचा; परंतु मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी तो आपल्या पदरात घेतला. सिमसिटी चालू आहे असे दिसले की, परत आलेली जागा लगेच मोकळी करू नये, अशी खास तजवीज त्यांनी विंडोज ९५ मध्ये केली. जोएल स्पोल्स्की या एके काळी मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या लेखकाने ही कथा प्रसिद्ध केली आहे.

याहून गमतीची कथा आकड्याची आहे. विंडोज ९५ चा खरा क्रमांक ४.० असा होता. परंतु जुन्या प्रोग्रामांनी विचारले असता ती प्रणाली आपला क्रमांक ३.९५ असा सांगत असे. ही लबाडी करण्याचे कारण असे की, कित्येक प्रोग्राम प्रणालीचा क्रमांक चुकीच्या रीतीने तपासीत. पूर्वीची विंडोज ३.१० होती. प्रोग्राम विचारी: मुख्य आकडा तीन वा अधिक आहे काय? पोटआकडा दहा वा अधिक आहे काय? ४.० मध्ये पोटआकडा शून्य. म्हणजे ही प्रणाली जुनी ठरली, आणि प्रोग्राम चालण्यास नकार देऊन मोकळा! शाळेतील मुलाने अशी तुलना केली असती, तर त्यास पुन्हा दशांश अपूर्णांकांकडे पाठविण्यात आले असते. येथे मात्र मुलाची चूक तशीच ठेवून गणितच बदलण्यात आले. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली आणि बहुतेकांचे जुने प्रोग्राम तीवर चालले. त्यामागील कष्ट अर्थातच कोणास दिसले नाहीत.

पुढील दहा वर्षांत हवा पालटली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली विंडोज एक्सपी घरोघरी आणि कचेरीकचेरीत रुळली. या काळात इंटरनेटचा प्रसार झाला व त्याबरोबर संगणकाचे रोगही पसरले. सन २००३ मधील स्लॅमर आणि ब्लास्टर हे दोन उपद्रव त्यांपैकी विशेष गाजले. रोग पसरण्याचे एक कारण असे होते की, एक्सपी वापरणारा सामान्य मनुष्य बहुधा व्यवस्थापकाच्या पूर्ण अधिकारानेच संगणकावर बसत असे. साहजिकच त्याचे प्रोग्रामही त्याच अधिकाराच्या भरवशावर लिहिले गेले. प्रणालीच्या खास दालनात वाटेल तेथे फाईल लिहावी, वाटेल ती नोंद बदलावी, कोणी अडवीत नव्हते. दाराला कुलूप नव्हते, ते हेच.

विंडोज व्हिस्टाने ते कुलूप लावले. ३० जानेवारी २००७ रोजी ही प्रणाली सर्वांसाठी विक्रीस आली. तिच्यात प्रत्येक महत्त्वाच्या कामापूर्वी परवानगी विचारली जाऊ लागली. चित्रदर्शनाची रचना बदलली, त्यामुळे अनेक यंत्रभागांना नवे ड्रायव्हर लागले. आणि ड्रायव्हर तयार नसले की छपाईयंत्र किंवा स्कॅनर नुसता शोभेचा होऊन बसे. जुन्या प्रोग्रामांसाठी व्हिस्टाने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. एखादा प्रोग्राम निषिद्ध दालनात फाईल लिहू लागला, तर ती गुपचूप दुसऱ्याच कोपऱ्यात ठेवून त्यास काम झाल्याचे सांगण्याची युक्ती तिच्यात होती. प्रोग्राम त्यामुळे चाले. पण आपली फाईल नेमकी कोठे गेली, हे पाहणाऱ्या मनुष्यास तीच फाईल सापडत नसे!

व्हिस्टाची जी निर्भर्त्सना झाली, ती सर्वस्वी न्याय्य होती असे म्हणवत नाही. कुलूप लावणे आवश्यकच होते. चूक झाली ती भार वाटून देण्यात. १९९५ साली जुन्याच्या चुका निस्तरण्याचा भार कारभाऱ्याने उचलला होता. २००७ साली तो बराचसा बिऱ्हाडकरूंवर, आणि त्यांच्यामार्फत सामान्य गिऱ्हाइकांवर येऊन पडला. लोकांनी त्यास आपल्या परीने उत्तर दिले: ते एक्सपीला चिकटून राहिले. कंपनीला एक्सपीच्या विक्रीची मुदत ३० जून २००८ पर्यंत वाढवावी लागली. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली, तेव्हा नाव सात असूनही तिचा अंतर्गत क्रमांक ६.१ असा ठेवण्यात आला. मुख्य आकडा बदलला की जुने प्रोग्राम अडखळतात, हा व्हिस्टाच्या ६.० चा अनुभव अद्याप ताजा होता. तीच ३.९५ ची जुनी गोष्ट! इतकेच नव्हे, तर या प्रणालीच्या वरच्या प्रतींना जोड म्हणून एक संपूर्ण एक्सपीच देण्यात आली. नव्या वाड्याच्या अंगणात जुने घर विटांसकट आणून बांधावे, त्यातला हा प्रकार.

ॲपल कंपनीचा मार्ग याच्या उलट आहे. तेथे जुन्यास काही वर्षे आधार देतात आणि मग तो निःशंकपणे काढून घेतात. ऑक्टोबर २०१९ मधील कॅटालिना या प्रणालीने ३२ बिटांचे सर्व प्रोग्राम एकाच दिवशी बाहेर काढले. या पद्धतीने प्रणाली नीटस राहते, यात शंका नाही. नीटसपणाची किंमत मात्र दुसराच कोणी देत असतो.

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सांभाळ थांबविला. तरीही ती गेली नाही. तिच्यावर चालणारी यंत्रे होती, आणि त्या यंत्रांचे प्रोग्राम नव्या प्रणालीत चालतील याची खात्री नव्हती. भारतात बँकांच्या पैसे देणाऱ्या यंत्रांपर्यंत तिचा संचार होता. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आदेश दिला की, या यंत्रांतील कालबाह्य प्रणाली टप्प्याटप्प्याने बदलून जून २०१९ अखेर हे काम पुरे करावे. सांभाळ थांबल्यावर तब्बल पाच वर्षांची ही मुदत होती.

मराठीपुरते बोलावयाचे, तर हा प्रश्न बँकेपेक्षा छापखान्यात अधिक खोलवर गेला आहे. १९९० च्या सुमाराच्या विंडोजला देवनागरी ठाऊकच नव्हती. अक्षरे जोडणे, रफार चढविणे, वेलांटी मागे आणणे, यांतील काहीही तिला येत नव्हते. तेव्हा फाँट बनविणाऱ्यांनी एक तोड काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी त्यांनी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविले: कोठे काना, कोठे अर्धा ‘त’, कोठे रफार. प्रणाली समजे की आपण इंग्रजी मजकूर दाखवीत आहोत. वाचणाऱ्यास मराठी दिसे. मराठी भाषा संगणकात आली ती अशी, इंग्रजीच्या वेषात. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली इस्की हे राष्ट्रीय मानक ठरले होते. परंतु फाँटकारांनी आपापल्या सोयीने तुकडे मांडले. परिणाम असा की, एका फाँटातील मजकूर दुसऱ्यात उघडला की अर्थहीन चिन्हांचा पसारा दिसावा. पानांच्या जुळणीसाठी पेजमेकर हा प्रोग्राम सर्वत्र रूढ होता, आणि त्यासही केवळ हा वेषांतरित मजकूरच समजत असे. मराठी टंकलेखनाच्या काही प्रोग्रामांबरोबर संगणकाच्या मागे लावण्याची एक किल्लीही येत असे. ती नसेल तर प्रोग्राम चालत नसे.

सन २००० मधील विंडोजला देवनागरी युनिकोड पद्धतीने येऊ लागली, आणि ज्या व्हिस्टाने एवढी नाराजी ओढवून घेतली, तिच्यात तर ती मुळातच चालू स्थितीत होती. एक्सपीप्रमाणे वेगळी तबकडी घालून ती जागवावी लागत नव्हती. म्हणजे प्रणालीला अखेर मराठी समजू लागली, तेव्हाच जुन्या वेषातील मराठीचे दिवस भरले. ६४ बिटांच्या विंडोजने तर १६ बिटांचे प्रोग्राम चालविणेच बंद केले आणि जुने ड्रायव्हर नाकारले; त्याबरोबर त्या किल्ल्यांपैकी कित्येक निरुपयोगी झाल्या.

अशा छापखान्यात एक जुना एक्सपीचा संगणक कोपऱ्यात राखून ठेवलेला असतो. त्याला इंटरनेट लावीत नाहीत, आणि त्यास हात लावण्याची परवानगी एखाद्याच जुन्या कारागिरास असते. पंधरा-वीस वर्षांतील कवितासंग्रह, स्मरणिका, क्रमिक पुस्तके, संस्थांचे अहवाल त्यात असतात. ते बाहेर काढण्यास रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात. परंतु वेषांतर उलटविणे दिसते तितके सोपे नाही. ‘किती’ हा शब्द घ्या. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे ‘क’ च्या आधी टंकिलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने ‘क’ च्या नंतर येते. ‘मूर्ती’ मध्ये याच्या नेमके उलट: जुन्या फाँटात रफार ‘ती’ च्या नंतर, युनिकोडमध्ये ‘र्’ हा ‘त’ च्या आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामास अशी प्रत्येक वेलांटी पुढे आणि प्रत्येक रफार मागे सरकवावा लागतो, आणि फाँटगणिक तुकड्यांच्या जागा वेगळ्या. जोडाक्षरांच्या गर्दीत कोठे तरी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. तो शोधण्यास यंत्र उपयोगी पडत नाही. मुद्रितशोधकास मूळ छापील पुस्तक शेजारी ठेवून पहिल्या पानापासून पुन्हा वाचावे लागते.