बुळकांडीच्या छायेतील शेळी : पीपीआर नियंत्रणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

भारतीय पशुवैद्यकाच्या इतिहासात गाय-बैलांच्या रोगांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे शेळीच्या रोगांना मिळाले नाही. वस्तुतः शेळी ही भूमिहीन, अल्पभूधारक व विशेषतः ग्रामीण स्त्रियांची हक्काची पुंजी होय. 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या होत्या. प्रस्तुत लेखात शेळ्यांमधील पीपीआर या विषाणुजन्य रोगाच्या नियंत्रणाचा मागोवा घेतला आहे.

शेळी : साधन म्हणून

1889 साली पुणे येथे इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. 1893 साली ती कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच विकसित झाली. गुरांमधील बुळकांडी हे तिच्यापुढील प्रमुख आव्हान होते. 1920 च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत असा वारंवार संक्रमित करून सौम्य केला आणि त्यापासून गुरांसाठी लस सिद्ध झाली. 1954 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेतही ही लस वापरली गेली. गुरांच्या संरक्षणाचे साधन शेळी ठरली. तिचे स्वतःचे आजार मात्र दुय्यम राहिले.

निदान व लस

पीपीआरचे पहिले वर्णन 1942 साली पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथून झाले. भारतात तो 1987 साली तामिळनाडूत प्रथम ओळखला गेला. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडातील व्रण, हगवण व फुफ्फुसदाह ही लक्षणे बुळकांडीशी मिळतीजुळती असल्याने शेळ्या-मेंढ्यांतील अशी साथ तत्पूर्वी बुळकांडीच समजली जाई. बुळकांडीची लस पीपीआरपासूनही संरक्षण देत असे. परंतु बुळकांडीमुक्ती सिद्ध करण्यासाठी ती थांबविणे अपरिहार्य होते, कारण रक्तातील प्रतिपिंडे लसीमुळे आली की रोगामुळे, हे ओळखता येत नसे. भारत 2006 साली व जग 2011 साली बुळकांडीमुक्त घोषित झाले. गुरांच्या या मुक्तीबरोबर शेळीचे उसने कवच गेले. ती उणीव हिमाचल प्रदेशातील विषाणूपासून मुक्तेश्वर येथे विकसित झालेल्या 'सुंग्री/96' या स्वतंत्र लसीने भरून काढली.

आजचा संदर्भ

लस उपलब्ध असली तरी ती उष्णतेने निकामी होते. म्हणून दवाखान्यापासून गोठ्यापर्यंत शीतसाखळी अखंड राहणे आवश्यक असते. मुंबईच्या देवनार बाजारात बकरी ईदपूर्वी परराज्यांतून मोठ्या संख्येने बोकड येतात. वसई किनाऱ्यावरील राजोडीसारख्या गावांनाही या महानगरी बाजाराचे सान्निध्य आहे. विकत आणलेले जनावर किमान तीन आठवडे वेगळे ठेवणे, आजारी शेळी तत्काळ अलग करणे, मृत जनावर खोल पुरणे आणि तीन-चार महिन्यांवरील करडांना लस देणे हे उपाय अल्पखर्चिक आहेत. विषाणूवर थेट औषध नसल्याने उपचार केवळ लक्षणे व दुय्यम जंतुसंसर्गापुरते मर्यादित राहतात.

समारोप

2030 पर्यंत पीपीआर निर्मूलनाचे जागतिक उद्दिष्ट 2015 साली स्वीकारण्यात आले. बुळकांडीच्या विजयात शेळीचा वाटा होता. आता त्याच शिस्तीचा लाभ तिला मिळतो काय, यावर या इतिहासाचे अंतिम मूल्यमापन अवलंबून राहील.