पाइप बँड: पलटणीतून गल्लीत

पाइप बँड म्हटलं की आपल्याला आठवते २६ जानेवारीची परेड. खांद्यावर चौकड्यांचं कापड, काखेत पिशवी, आणि तो लांबूनही ओळखू येणारा आवाज. त्यामुळे हे वाद्य म्हणजे सैन्याचीच मक्तेदारी, असं वाटतं. पण स्कॉटलंडमध्ये हा बँड खाणकामगारांनी, पोलिसांनी आणि गावकऱ्यांनी आपलासा केला. आजचा एपिसोड त्यांच्यावर.

आधी वाद्य समजून घेऊ. पखालीसारखी एक पिशवी, तिच्यात फुंकायला एक नळी, सूर वाजवायला भोकांची एक नळी (हिला चँटर म्हणतात), आणि खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या. या तीन नळ्या एकच सूर सतत धरून ठेवतात. आपल्याकडे सनईवाल्याच्या शेजारी बसून एक जण नुसता सूर भरत असतो ना, अगदी तेच काम. चँटरवर स्वर फक्त नऊ. आवाज कमी-जास्त करता येत नाही आणि मध्येच थांबवताही येत नाही. त्यामुळे एकच स्वर दोनदा वाजवायचा असेल, तर मध्ये दुसरा एखादा स्वर निमिषभर टिचकीसारखा मारावा लागतो. पायपरची सगळी कसरत याच टिचक्यांत असते.

मुळात हे एकट्याने वाजवायचं वाद्य. पलटणीत पायपर असायचे, पण त्यांचा खर्च बऱ्याचदा अधिकारी स्वतःच्या खिशातून करायचे. १८५४ मध्ये ब्रिटिश सैन्याने हायलँड पलटणींना प्रत्येकी एक पाइप मेजर आणि पाच पायपर अधिकृतपणे मंजूर केले. पुढे पायपर आणि ढोलवाले एकत्र चालू लागले आणि आज आपण ओळखतो तो पाइप बँड घडला.

तो गल्लीत कसा उतरला? १८५९ पासून ब्रिटनमध्ये स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या. आठवडाभर कामधंदा, सुट्टीला कवायत. या मार्गाने सैनिकी वाजप साध्या माणसांच्या हाती आलं. १८८३ मध्ये ग्लासगोला लागून असलेल्या गोव्हन या जहाजबांधणीच्या गावात पोलिसांनी बँड काढला. १८८७ मध्ये फॉल्कर्कजवळच्या वॉलेसस्टोन या खाणकामगारांच्या गावात बँड उभा राहिला. १९१० मध्ये कोळसा आणि लोखंडावर जगणाऱ्या शॉट्स गावात ‘शॉट्स अँड डाइकहेड’ सुरू झाला.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. एकट्या पायपरने आपलं वाद्य स्वतःपुरतं जुळवलं तरी भागतं. बँडमध्ये मात्र दहा-पंधरा चँटर एकाच सुरात हवेत, आणि प्रत्येकाच्या आत नाजूक पत्ती. थंडी, ऊन, दमट हवा, सगळ्याने तिचा सूर हलतो. म्हणजे बँड जमवणं हा निव्वळ कलेचा नाही, सिंक्रोनायझेशनचाही प्रश्न. एकत्र बसून, रोज जुळवून घेण्याशिवाय त्याला उत्तर नाही. शेजारी राहणाऱ्या, एकाच पाळीत राबणाऱ्या माणसांना ते जमलं, यात नवल काय?

मग स्पर्धा आल्या. डुनून गावच्या कोवल मेळ्यात १९०६ मध्ये बँडची स्पर्धा झाली. पहिल्या महायुद्धात मात्र पायपर खंदकांतून पुढे वाजवत गेले आणि त्यांतले सुमारे ५०० मारले गेले. त्यातूनही बँड सावरले. १९३० मध्ये स्कॉटलंडमधल्या बँडांची संघटना झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॅगनम इथे फक्त मुलींचा पाइप बँड निघाला. आणि १९४७ मध्ये संघटनेची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा कोणी जिंकली? बोहिल कोलिअरी. कोलिअरी म्हणजे कोळशाची खाण. जगज्जेत्या बँडच्या नावातच खाण होती!

रत्नागिरीत बसून हे का सांगतोय? एक तर स्कॉटिश माणसं आपल्या जिल्ह्याला नवीन नाहीत. त्यांच्या मिशनरींनी १८२३ मध्ये बाणकोटला ठाणं मांडलं होतं. पण खरं कारण वेगळं आहे. आपले लोक मुंबईच्या गिरण्यांत गेले, तेव्हा जाखडी, नमन आणि भजन सोबत घेऊन गेले. चाळीत मंडळं उभी राहिली, पाळी संपवून तालमी झाल्या. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, चाळी पडल्या. गावाकडे खालू बाजा अजून शिमग्यात घुमतो. सनई, ढोल, टिमकी सगळं आहे. पण पोरं पुण्या-मुंबईत लॅपटॉपसमोर, माझ्यासारखी. वाजवायला माणसं जमवावी लागतात.

शॉट्सच्या खाणीही कधीच्याच बंद पडल्या. पण त्या गावाचा बँड २०१५ मध्ये पुन्हा जगज्जेता झाला. कसा? लहान मुलांना साध्या चँटरवर शिकवायचं, त्यांचे वेगळे बँड काढायचे, त्यांच्या वेगळ्या स्पर्धा घ्यायच्या. रोजगार गेला तरी शिकवणं थांबलं नाही, म्हणून वाजवणारे उरले.

स्पर्धेने सगळे एकसारखे वाजवायला लागतात, ही तक्रारही खरी आहे, आणि खालू बाजाला गुण देणारे परीक्षक मला नकोच आहेत. पण शिकवणीचं काय? आपल्या वाडीत सनई वाजवणारे काका असतील, तर या शिमग्याला त्यांचं नुसतं रील काढू नका. दोन पोरं त्यांच्या शेजारी बसवा, आणि आधी सूर धरायला शिकू द्या.