वैरण

आमच्या माणदेशात नुसतं ‘गवत’ म्हणून भागत नसे. डोंगरावर उभं असतं तोवर ते गवत. कापून, वाळवून, पेंढ्या बांधून घरी आलं की ती वैरण. ज्वारीच्या ताटांचा कडबा, बाजरीचं सरमाड, गव्हा-हरभऱ्याचं भुसकट. कोल्हापूरकडच्या आमच्या मामीच्या तोंडी भाताचं ‘पिंजर’ असायचं. त्यालाच कोकणात पेंढा म्हणतात, अन् भंडारा-गोंदियाकडं तणस. नाव ऐकलं की जनावर ते किती आवडीनं खाईल, हे शेतकऱ्याला कळायचं.

नवरात्र सरलं की घरातली सगळी माणसं कुरणात. पवना, मारवेल फुलोऱ्यात असतानाच कापायचं. उशीर केला की काडी निबर होते, कुसळं जनावराच्या तोंडात रुततात. विळ्यानं मूठमूठ कापून पसरायचं, दोन-तीन उन्हं द्यायची, मध्ये एकदा उलथायचं. भर दुपारी पेंढी बांधली तर पानं झडतात. भर दंवात बांधली तर आत बुरशी धरते. म्हणून दंव उडता उडता, गवताचाच पीळ घालून, पेंढी आवळायची.

गंजी रचणं हे आज्याचं काम. खाली दगडांवर फांद्या, म्हणजे ओल वर चढत नाही. बुडखे बाहेर, शेंडे आत. माथा असा उतरता की पाणी निथळून जावं. गंजीपाशी कुणी बिडी पेटवली तर आजा अंगावर धावून जायचा. पुढं शाळेत असताना शिवाजी महाराजांचं 1673 सालचं, चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र वाचलं. वैरण आत्ताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन दाणा-गवत ओरबाडाल, असं त्यात बजावलंय. उंदीर पेटती वात ओढून नेईल अन् गवताला आग लागेल, हीसुद्धा काळजी त्यात आहे. वाचताना मला आजाच आठवला.

1972 साली मी दहा वर्षांचा होतो. पाऊस आला नाही, डोंगर पिवळासुद्धा झाला नाही, नुसता उघडा राहिला. आमच्याकडं आदल्या सालची एक गवताची गंजी अन् थोडा कडबा होता. आजा रोज सांजच्याला पेंढ्या मोजायचा. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, असा त्याचा हिशेब चाले. दोन बैल अन् एक गाय, आषाढापर्यंत ओढायचं होतं.

माघात शेजारची म्हातारी आली. तिची एकुलती गाय बसली होती, उठत नव्हती. “दादा, दोन पाचुंदं द्या. पावसानंतर फेडीन.” आई चुलीपुढून आज्याकडं बघत होती. आज्यानं दोनाचे तीन दिले. आईनं तोंड फिरवलं. “आपल्या बैलांनी काय माती खायची?” आजा काहीच बोलला नाही.

चैत्रात गंजीच्या जागी फांद्या अन् दगड उरले. वडलांनी पवळ्याला बाजारात नेलं. मिळाले ते पैसे सांगायलाही त्यांना लाज वाटली. रात्री ते नुसता कासरा खांद्यावर टाकून परतले. आज्यानं तो घेतला, नीट गुंडाळला अन् खुंटीला अडकवला. त्या पंधरा पेंढ्यांनी पवळ्या वाचला असता का, हे घरात कुणी बोललं नाही. आईनंही नाही. म्हातारीची गाय मात्र उठली.

पुढं बुटकी हायब्रीड ज्वारी आली. दाणा जास्त, कडबा कमी, अन् जनावरं तो नाखुशीनं खायची. मालदांडीचा उंच, गोड कडबा मागं पडत गेला. डोंगरावर गवत कापायला माणूस मिळेना. 2013 च्या दुष्काळात मी छावणी बघायला गेलो. ट्रकमधून ऊस अन् वाढं उतरत होतं. जनावरं जगली, हे खरंच मोठं. पण तिथं सगळ्याला एकच शब्द होता, ‘चारा’.

परवा पुण्याचा नातू गावी आला होता. वळईकडं बोट करून म्हणाला, “आजोबा, केवढं गवत!” मी म्हटलं, “गवत न्हवं बाळा, कडबा.” मग त्याला पाच पेंढ्या मोजायला लावल्या.