प्रतिकृतीची विद्या : माद्रिदमधील रुबेन्स

‘नक्कल’ या शब्दाला आपल्याकडे हिणकस छटा चिकटली असली, तरी मुद्रणपूर्व काळात ग्रंथविद्या टिकली ती नकलकारांच्या हातूनच. युरोपातील तैलचित्रकलेतही थोर चित्रकाराच्या चित्राची प्रत करणे हा शिक्षणाचा राजमार्ग होता. हा मार्ग केवळ नवशिक्यांचा नव्हता, याचा उत्तम दाखला म्हणजे पीटर पॉल रुबेन्स.

इंग्लंडशी तह करण्यासंबंधीच्या वाटाघाटींसाठी रुबेन्स १६२८ मध्ये माद्रिदला आला, तेव्हा तो ५१ वर्षांचा, युरोपभर कीर्ती पावलेला चित्रकार होता. राजा चौथा फिलिप याच्या संग्रहात व्हेनिसच्या तिशियनची अनेक चित्रे होती. राजकारणातून सवड काढून रुबेन्स त्यांच्या प्रती करू लागला. राजाजवळची तिशियनची सारीच चित्रे त्याने उतरविली, असे समकालीन लेखक पाचेको नमूद करतो.

तिशियनचे ‘आदम आणि ईव्ह’ व रुबेन्सने केलेली त्याची प्रत ही दोन्ही चित्रे आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. वृक्ष, सर्प आणि दोन्ही आकृतींची स्थाने तीच. मात्र रुबेन्सचा आदम अधिक पुढे झुकला आहे, त्याचा देह अधिक पिळदार आहे आणि मूळ चित्रात नसलेला एक पोपटही येथे आला आहे. चित्र पाहताना डोळ्याला परिणाम जाणवतो. प्रत करताना हाताला त्या परिणामाचे कारण शोधावे लागते. त्वचेची ऊब रंगाच्या कोणत्या थरातून येते, देहाची कडा कोठे विरते, दोन आकृतींचा तोल कसा साधतो, हे प्रश्न तेव्हाच उभे राहतात. रुबेन्सने केलेले बदल ही त्याची त्यांवरील उत्तरे होत.

तरुण दरबारी चित्रकार वेलास्केझ त्या काळात त्याच्या सहवासात होता. १६२९ मध्ये तो इटलीस गेला. पुढे ‘सूत कातणाऱ्या स्त्रिया’ या चित्रातील भित्तिपटावर त्याने तिशियनच्या ‘युरोपाचे अपहरण’ या चित्राची रचना योजिली.

त्या ‘युरोपा’चीही प्रत रुबेन्सने केली होती. १६४० मध्ये तो निवर्तल्यावर फिलिपने ती विकत घेतली. मूळ चित्र पुढे स्पेनबाहेर गेले आणि १८९६ मध्ये बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर या संग्राहिकेने खरेदी केले. माद्रिदमध्ये आज तिशियनची ‘युरोपा’ पाहावयाची, तर ती रुबेन्सच्या हातूनच पाहावी लागते.