हेनशिन

काही शब्द कानावर पडताच माणूस पुन्हा आठ वर्षांचा होतो. जपानी माणसाचा असा एक शब्द म्हणजे ‘हेनशिन’. ‘हेन’ म्हणजे बदल, ‘शिन’ म्हणजे देह. आपला ‘कायापालट’च! काया हा शब्द मी मुद्दाम घेतला. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा संस्कृत ‘काय’साठी हेच देहाचे अक्षर योजले गेले, ‘धर्मकाय’ जपानीत ‘होश्शिन’ झाला. काफ्काच्या माणसाचा किडा होतो त्या कथेचे जपानी नावही ‘हेनशिन’.

पण पोरांच्या तोंडी तो रुळवला १९७१ साली सुरू झालेल्या ‘कामेन रायडर’ या दूरदर्शन मालिकेने. नायक हिरोशी फुजिओका चित्रीकरणात मोटारसायकलच्या अपघातात जबर जखमी झाला. मग दुसरा रायडर आणावा लागला, आणि हात फिरवून ‘हेनशिन!’ म्हणत रूप पालटण्याची रीत त्याच्यापासून पडली. अपघातातून मंत्र जन्मला.

पिढ्या बदलल्या, रायडर बदलले, शब्द तोच राहिला. म्हणूनच जुना रायडर अवचित समोर आला की गळा दाटतो. ताकेरु सातो २००७ च्या ‘देन-ओ’ या रायडर मालिकेचा नायक; पुढे मोठा चित्रपट-तारा झाला. डिसेंबर २०१८ मध्ये रायडरांचा नवा चित्रपट लागला आणि पडद्यावर अचानक तो उभा! मला ही भेट फार मोलाची वाटते. कारण प्रदर्शनापूर्वी त्याचे नाव कुठेही जाहीर केलेले नव्हते.