सहाचा दहा, दहाचा सोळा

परवा पहिला पाऊस झाला आणि आमच्या स्वयंपाकघराचा एमसीबी पडला. वर करावा, की टकदिशी खाली. चार-पाचदा वर-खाली केल्यावर तर त्याचा दांडा नुसताच खुळखुळायला लागला. म्हणजे गेलाच.

माझा एक जुना विद्यार्थी इथे घनसावंगीत वायरिंगची कामं करतो. संध्याकाळी आला, नवा एमसीबी घेऊनच आला. मागच्या लोखंडी पट्टीवर तो अगदी झकास बसला. बसणारच, कारण ही ३५ मिलिमीटरची पट्टी आणि साधारण १८ मिलिमीटर रुंदीची डबी ही मापं जर्मनीच्या मानकांतून निघाली आणि पुढे बऱ्याच जगाने स्वीकारली. पण सगळ्या एमसीबींना खालून वीज पुरवणारी तांब्याची दातेरी पट्टी असते ना, तिचा दात नव्या डबीच्या भोकात जाईना. जुन्याचं भोक जरा खाली, नव्याचं जरा वर. दोन-तीन मिलिमीटरचाच फरक!

तो म्हणाला, "बाई, ह्या मॉडेलचा माल आता येत नाही. तो दात कापतो अन् वायरीचा तुकडा लावून देतो. आणि तसाही दहाचा सारखा पडतोय, तर सोळाचाच टाकू. कटकट नको."

मी म्हटलं, "थांब बाबा. आधी चहा घे."

थांबवलं, कारण 'कटकट नको' हे वाक्य याच घरात, याच भिंतीपाशी मी आधीही ऐकलेलं आहे.

आमच्या घरी वीज आली १९७४ साली. बहात्तरच्या दुष्काळातून माणसं नुकती सावरत होती. आमचा भाग निजामाच्या राज्यातला. हैदराबाद शहरात हुसेनसागरच्या काठी १९२०च्या सुमारास वीजघर उभं राहिलं होतं, पण आमच्या खेड्यांत मात्र कंदील आणि चिमणी. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं, १९७१ साली परळीचं औष्णिक केंद्र सुरू झालं. मग कुठे खांब आमच्या गल्लीपर्यंत पोचले.

तेव्हाचं वायरिंग तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. भिंतीवर लाकडी पट्ट्या, त्यावर पत्र्याच्या चिमट्यांत बसवलेल्या वायरी, दाराजवळ लाकडी बोर्ड आणि त्यावर पांढऱ्या चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. वायर ॲल्युमिनियमची, एकाच तारेची. तांबं देशात कमी, आयात करावं लागे, म्हणून वायरींसाठी ॲल्युमिनियम वापरण्यावर सरकारचाही भर होता. चार बल्ब आणि एक रेडिओ, याहून जास्त विजेची कल्पनाच कुणी केली नव्हती.

फ्यूजची युक्ती मोठी साधी आहे. एडिसनच्या काळापासूनची. मुद्दाम एक कमकुवत तार ठेवायची, म्हणजे प्रवाह वाढला की आधी ती वितळते आणि भिंतीतली वायर वाचते. पाच अँपिअरच्या फ्यूजची तार ०.२ मिलिमीटर जाडीची असते, जवळजवळ केसासारखी. पण ती दुकानातून कोण आणून ठेवणार? वायरीतलीच एक तार काढायची आणि गुंडाळायची. ती उडाली की दोन. दोन उडाल्या की पीळ घालून तीन.

१९८३ साली नणंदेच्या लग्नात मांडवाचे मोठे बल्ब आणि कर्णे घरातूनच जोडले होते. फ्यूज सारखा उडत होता. मांडवातल्याच कुणीतरी 'कटकट नको' म्हणून त्यात जाड तार घातली. रात्री दीडच्या सुमाराला देवघरावरची पट्टी धुमसायला लागली. सासूबाई जाग्या होत्या म्हणून बरं. त्यांनी ओरडून सगळ्यांना उठवलं. सकाळी पाहिलं तर पट्टी हातभर काळी झालेली, आणि किटकॅटमधली तार जशीच्या तशी! फ्यूजने वितळायचं ते वायरच वितळली होती.

त्या बोर्डाचा दुसरा दोष आम्हाला फार उशिरा कळला. फेजलाही किटकॅट होता आणि न्यूट्रललाही. खरं तर १९५६च्या भारतीय वीज नियमांत न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज घालायला मनाई होती. दोन्ही तारा एकदम तोडणारा जोड-स्विच असेल तरच परवानगी. पण जुन्या घरांत सर्रास असायचे. न्यूट्रलचा उडाला की दिवा जातो, पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी. १९९१ साली दिवा गेला म्हणून हे स्टुलावर चढले आणि होल्डरला हात लावला. झटक्याने खाली आदळले. मनगट मोडलं, तेवढ्यावर निभावलं.

त्यानंतर १९९२ साली ही लोखंडी पेटी आली.

एमसीबी ही मूळची जर्मन कल्पना. मानहाइम शहरात ह्युगो श्टोट्झच्या कारखान्यात १९२४ साली श्टोट्झ आणि त्याचा अभियंता हाइनरिश शाख्टनर यांनी तिचं पेटंट घेतलं. त्या डबीत दोन पहारेकरी असतात. एक, दोन धातू जोडलेली पट्टी. वर्गात आपण तापवून वाकवून दाखवायचो ना, तीच! थोडा जास्त भार बराच वेळ राहिला की ती हळूहळू वाकते आणि खटका सोडते. दुसरा पहारेकरी म्हणजे विद्युतचुंबक. शॉर्ट झालं की तो क्षणात ओढतो. आकड्याच्या आधी बी, सी किंवा डी असं अक्षर असतं ते या चुंबकाचं. बी तिप्पट ते पाचपट प्रवाहाला, सी पाचपट ते दहापट, डी दहापट ते वीसपट. जुन्यांवर एल, जी अशी अक्षरंही दिसतात. बदलताना आकड्याइतकंच हे अक्षरही बघायचं असतं.

नावावर मात्र फार विसंबू नये. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा धंदा २०२० साली श्नायडरकडे गेला आणि पुढे त्याचं नावही बदलून लॉरिट्झ नुडसेन झालं. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्याकडे तर प्रत्येक कंपनीची पेटी वेगळी आणि तिला चालणारे ब्रेकर पेटीच्या झाकणावरच छापलेले. कंपनी बुडाली की शोधाशोध! त्या मानाने आपलं सोपं म्हणायचं. असो.

तर आमच्या पेटीत स्वयंपाकघराला १९९२ साली सहाचा एमसीबी होता. मग भारनियमनाची वर्षं आली. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाली, पण आमचं व्होल्टेज काही वाढलं नाही. व्होल्टेज उतरलं की मोटार तेवढंच काम करायला जास्त प्रवाह ओढते, मग ती पाण्याची असो की फ्रिजची. खटके पडायचे ते त्यामुळे. वायरिंग बिघडलं म्हणून नव्हे. कारण कुणाला सांगायचं? गावात घरोघरी आकडे वाढत गेले. आमच्याकडे २००६ साली सहाचा दहा झाला, कुणी केला ते आता आठवतही नाही. भिंतीतली तार मात्र तीच, १९७४ची.

हे सगळं चहाबरोबर विद्यार्थ्याला ऐकवलं. तो गप्प झाला, मग उठून स्वयंपाकघराची वायर सोलली आणि मापली. जाडी १.४ मिलिमीटर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरचं ॲल्युमिनियम. त्याच्याच खिशातल्या जुन्या तक्त्यात तिची क्षमता दहा अँपिअर निघाली, तीही नवीन असताना. आता त्या वायरीवर फ्रिज, मिक्सर आणि सुनेने आणलेली इंडक्शन शेगडी आहे.

"बाई, सोळाचा टाकला असता तर पडलाच नसता," तो म्हणाला. तेच तर!

शेवटी दात कापला नाही. पूर्ण पेटीच बदलली, आतले एमसीबी आणि तांब्याची पट्टी एकाच कंपनीची घेतली. स्वयंपाकघराला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी वायर ओढली. तांबं ॲल्युमिनियमला नुसतं पिळून जोडलं की सांधा सैल होतो, तापतो. म्हणून मध्ये जोडच ठेवला नाही. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. तो पहिल्या दिवशी राहीचना! दोन तास शोधल्यावर न्हाणीघराच्या ओल्या भिंतीतली वायर पाझरत असल्याचं सापडलं. किती वर्षांपासून, देव जाणे.

खर्च झाला, मुलाने फोनवर थोडी कुरकुर केली. जुने दोन किटकॅट मी ठेवून घेतलेत. पेटीच्या झाकणाच्या आत कागद चिकटवलाय, फळ्यावरच्या अक्षरात: स्वयंपाकघर, तांबं चार, वीसचा. माजघर, ॲल्युमिनियम दीड, सहाचा. देवघर, ॲल्युमिनियम दीड, सहाचा. खाली तारीख.